खंडेनवमी, रिव्हॉल्व्हर आणि बोनस

परवा इनबॉक्समध्ये एक मेसेज आला. पाठवणारी मुलगी मूळची आपल्याच भागातली, सध्या पुण्यात एका ऑफिसात नोकरीला. तिला विचारून, तिची ओळख लागणार नाही अशा बेताने इथे देतो.

"सर, महिन्याच्या मीटिंगमध्ये आमचे बॉस सगळ्यांसमोर म्हणाले, पुढच्या महिन्यात आकडे आले नाहीत तर मी घरातलं पिस्तूल घेऊन येतो, मग बघू टार्गेट कोण चुकवतंय. सगळे हसले. मीपण हसले. पण तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये. मी उगाच जास्त विचार करतेय का? तक्रार करू की हसण्यावारी नेऊ?"

मी तिला दोन ओळींचं उत्तर दिलं आणि मोबाईल बाजूला ठेवला. पण झोप काही लागेना. कारण तीन वर्षांपूर्वी असाच एक विनोद मी समोर उभा राहून ऐकलाय आणि त्या विनोदाला मीही हसलोय. खंडेनवमी तोंडावर आलीय, तर ती गोष्ट आज लिहूनच टाकतो. पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा.

मी तेव्हा कोल्हापूरच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत अकौंट्स बघत होतो. कुठली फाउंड्री, मालक कोण, हे कमेंटमध्ये विचारू नका, सांगणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनीही लिहू नये ही विनंती. शेडमध्ये आणि ऑफिसात मिळून आम्ही सत्तरेक माणसं. खंडेनवमीला दरवर्षी भट्टी बंद, यंत्रं धुऊन पुसून त्यांना झेंडूच्या माळा, भट्टीला हळदीकुंकवाची बोटं, ग्राइंडरपासून ते ऑफिसातल्या प्रिंटरपर्यंत सगळ्याला फुलं. कोहळा फोडायचा, पेढे वाटायचे, मालकांनी दोन शब्द बोलायचे आणि दुपारी सगळ्यांनी घरी जायचं. वर्षातला सगळ्यात चांगला दिवस तो.

आता एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. मालक वाईट माणूस नव्हता. मोल्डिंगमधल्या एकाच्या बायकोच्या ऑपरेशनचं बिल त्याने कुणाला न सांगता भरलेलं मी स्वतः व्हाउचरवर बघितलंय. माणूस बोलका, हौशी, चारचौघांत रमणारा. परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं त्याच्याकडे आणि खंडेनवमीला ते पूजेच्या ताटात ठेवायची त्याची पद्धत होती. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. कुणाची तलवार असते, कुणाचा विळा असतो, मालकांचं रिव्हॉल्व्हर.

त्या वर्षी काम भरपूर होतं. दोन महिने रात्रपाळ्या चालल्या होत्या, रविवारीसुद्धा माल बाहेर पडत होता. त्यामुळे पोरांच्यात बोलणं सुरू होतं की या दिवाळीला बोनस नुसता ८.३३ टक्क्यांवर भागवू नये. कायद्याने द्यावाच लागतो तो किमान ८.३३ टक्के, आणि जास्तीत जास्त २० टक्के. दहाबारा टक्के तरी मागू या, असं चौघांनी ठरवलं होतं. दसरा झाला की सोमवारी वर मालकांच्या केबिनमध्ये जायचं. गुपित वगैरे काही नव्हतं. शेडमध्ये सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे मालकांनाही माहीत होतं.

पूजा झाली. मालक बोलायला उभे राहिले. वर्ष चांगलं गेलं, सगळ्यांनी मेहनत केली, असं दोन मिनिटं झालं. मग त्यांनी ताटातलं रिव्हॉल्व्हर उचललं, हळदीकुंकवासकट, आणि हसत हसत ते समोरच्या गर्दीवरून फिरवत म्हणाले, "आणि हो, बोनसचं ज्याला बोलायचंय त्यानं आधी हिच्याशी बोलावं. सहा उत्तरं आहेत हिच्याकडं."

सगळी शेड हसली. मीही हसलो. अगदी खरं सांगायचं तर मोठ्याने हसलो. ऑफिसातल्या एका पोराने त्याचा व्हिडिओ काढला आणि संध्याकाळपर्यंत तो कंपनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला, खाली हसून डोळ्यांतून पाणी येणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

फक्त एक माणूस हसला नव्हता. आमचे गेटवरचे हवालदार मामा. मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले, बोलणं कमी. मालकांचा हात फिरला तेव्हा मामांनी कोअर शॉपच्या एका पोराला दंडाला धरून दोन पावलं बाजूला ओढलं. बस, एवढंच. तेव्हा ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला ते दिसलं रात्री घरी, व्हिडिओमध्ये.

तो व्हिडिओ बायकोने माझ्या मोबाईलवर बघितला. तिने एकच विचारलं, "मागं हसतोय तो तू का?"

---

आता पुढचं ऐका, कारण खरी गोष्ट पुढेच आहे.

सोमवार आला. वर कुणीच गेलं नाही. चौघांपैकी एकाला गावी काम निघालं. एक म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघू. उरलेल्या दोघांनी दोघांनीच जाण्यात अर्थ नाही असं ठरवलं. कुणी "घाबरलो" असं म्हणालं नाही. कुणालाही असं वाटत नव्हतं की मालक खरंच गोळी घालतील. तरीही कुणी गेलं नाही. आणि बोनसचा तक्ता करायचं काम माझं. मालकांनी फोनवर सांगितलं, "८.३३ धरा." मी धरले. वर्ष कसं गेलंय, तिजोरीत किती आहे, हे त्या इमारतीत मालकांनंतर मलाच सगळ्यात जास्त माहीत होतं. आकडा टाकताना हात थोडा थांबला एवढंच.

म्हणून कुणी मला सांगतं की "अहो, तो नुसता विनोद होता", तेव्हा मी मान्य करतो. होता विनोदच. पण त्या विनोदाने काम केलं. दहा टक्के मागणार होते ती माणसं गप्प बसली. मालकांनी ठरवून ते केलं असं मी म्हणत नाही. बहुतेक त्यांनी ठरवलं नसावं. पण ठरवलं काय आणि न ठरवलं काय, तक्त्यावरचा आकडा तोच राहिला.

"बॉसच्या मनात तसं नव्हतं" हे वाक्य आपण फार लवकर पुढे करतो. मनात काय होतं हा प्रश्न बोलणाऱ्याचा झाला. ऐकणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो: मला हे न हसता ऐकता आलं असतं का? मित्राने कट्ट्यावर "घालू का गोळी" म्हटलं तर मी त्याला चार शिव्या देऊ शकतो, उठून जाऊ शकतो, उद्या त्याच्याशी बोलायचं बंद करू शकतो. मालक बोलतो तेव्हा यातलं काहीच करता येत नाही. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. आपली टाळी आधी वाजते आणि मग आपल्याला कळतं की ती वाजली.

यावर कुणीतरी हमखास लिहिणार की आजकाल लोकांना कशाचंही वाईट वाटतं, आता विनोदसुद्धा करायचे नाहीत का? करा की. आपल्या बोलण्यात तर पावलोपावली उडवतोय, ठोकतोय, गाडतोय असं असतं आणि त्यातल्या कशालाही काही अर्थ नसतो. ती भाषा धुऊन काढा असं मी म्हणत नाही. मी फक्त एक साधी परीक्षा सांगतो. तोच विनोद उलटा करून बघा. समजा त्या दिवशी कोअर शॉपच्या त्या पोराने ताटातलं रिव्हॉल्व्हर उचललं असतं आणि हसत हसत मालकांकडे करून म्हटलं असतं, "मालक, बोनस नाही दिला तर हिची सहा उत्तरं आहेत." किती जण हसले असते? अर्ध्या तासात गेटवर पोलिसांची गाडी उभी राहिली असती आणि त्या पोराला पुन्हा कुठल्या फाउंड्रीत काम मिळालं नसतं. जो विनोद फक्त वरून खाली करता येतो आणि खालून वर गेला की गुन्हा होतो, त्यात विनोदाचा भाग थोडा आणि अधिकाराचा भाग जास्त.

---

आणि बंदूक ही आपल्याकडे आता सिनेमातली गोष्ट राहिलेली नाही.

३१ जुलै २०२३ ला जयपूर-मुंबई सुपरफास्ट एक्स्प्रेसमध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने कामावर असताना आधी आपल्या वरिष्ठाला आणि मग तीन प्रवाशांना गोळ्या घातल्या. २ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमध्ये, एका आमदाराने दुसऱ्या पक्षाच्या पदाधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर आठवडाभरातच मुंबईत दहिसर भागात एका माजी नगरसेवकाची फेसबुक लाईव्ह चालू असताना, शेजारी बसलेल्या माणसाने गोळ्या झाडून हत्या केली. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, त्यानंतर बीड जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांची चर्चा सुरू झाली. एकाच जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने असल्याचं समोर आलं. कमरेला पिस्तूल लावून काढलेले फोटो, हवेत गोळीबार करतानाचे व्हिडिओ, सगळं बाहेर निघालं आणि मग प्रशासनाने बरेच परवाने रद्द केले.

हे सगळं माणसाने सकाळी मोबाईलवर बघितलेलं असतं आणि दहा वाजता तो मीटिंगमध्ये बसतो. तिथे बॉस पिस्तुलाचं नाव काढतो. त्याला वाटतं आपण सिनेमातला डायलॉग मारला. समोरच्याच्या डोक्यात सकाळची बातमी असते.

कायदा काय म्हणतो तेही थोडक्यात सांगतो, कारण यावर गैरसमज फार आहेत. आपल्या देशात बंदूक बाळगणं हा हक्क नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना मिळतो, तो कारण दाखवून आणि पोलिसांच्या अहवालानंतर. स्वसंरक्षण, पीक संरक्षण, नेमबाजीचा खेळ, अशी ती कारणं असतात. चारचौघांत वजन पडावं हे कारण त्यात कुठेही नाही. २०१६ च्या नियमांत सार्वजनिक ठिकाणी हत्यार परजायला स्पष्ट मनाई आहे आणि तसं केलं तर परवाना जाऊ शकतो. २०१९ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली. निष्काळजीपणाने किंवा आनंदाच्या भरात गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. फाउंड्रीच्या शेडला सार्वजनिक जागा म्हणायचं की नाही यावर वकील भांडतील. पण नियमाचा रोख समजायला वकील लागत नाही.

आणखी एक बघा. निवडणूक लागली की परवानाधारकांना आपली हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायच्या नोटिसा निघतात. का? त्यातले बहुतेक लोक काही गोळ्या घालत सुटणार नसतात. पण कपाटात बंदूक आहे हे नुसतं माहीत असलं तरी गावात बोलणाऱ्याचा आवाज बदलतो आणि ऐकणाऱ्याचाही बदलतो, हे सरकारला पक्कं ठाऊक आहे. मतदानाच्या दिवसांत जे खरं, ते बोनसच्या दिवसांतही खरंच असणार ना?

---

आता आमच्या फाउंड्रीत पुढे काय झालं ते सांगतो.

बायकोच्या त्या प्रश्नानंतर पाचसहा दिवस मी नुसता धुसफुसत होतो. मग एका दुपारी चहाच्या वेळी गेटवर गेलो आणि हवालदार मामांना विचारलं, "मामा, त्या दिवशी तुम्ही हसला नाही."

मामा म्हणाले, "हसाय वेळ कुठं हुता? नळी पोराकडं हुती."

"भरलेलं होतं का पण?"

"ते मला कुठं ठावं? म्हणूनच की."

मग त्यांनी मला फौजेतली पहिल्या दिवसाची शिकवण सांगितली. हत्यार रिकामं असलं तरी भरलेलंच समजायचं. आणि ज्याच्यावर गोळी झाडायची नाही त्याच्याकडे नळी करायची नाही, चेष्टेतसुद्धा नाही. हे ऐकल्यावर मला वाटलं, शब्दांनाही हाच नियम लावायला काय हरकत आहे? साहेबाच्या तोंडातला शब्द रिकामा असला तरी ऐकणाऱ्याने तो भरलेलाच समजायचा असतो. कारण आत काय आहे ते त्याला दिसत नाही.

आम्ही दोघांनी मालकांकडे जायचं ठरवलं. मी घरून तीन वाक्यं तयार करून नेली होती. पहिलं, तुम्ही काय बोलला ते, जसंच्या तसं. दुसरं, त्यानंतर काय झालं. तिसरं, आमची विनंती काय आहे. भाषण नाही, कायद्याची कलमं नाहीत, "सगळे म्हणतात" असं नाही. आणि जायची वेळ निवडली संध्याकाळी सहानंतरची, केबिनमध्ये दुसरं कुणी नसताना. चारचौघांत मालकांना अडवलं असतं तर ते बोनसवर नाही, स्वतःच्या अब्रूवर बोलले असते.

पहिलं वाक्य ऐकल्याबरोबर मालक म्हणाले, "अहो, गंमत केली हो! अकौंटंट, तुम्ही पण?"

मी दुसऱ्या वाक्यापाशी अडखळलो. ते मामांनी उचललं. "गंमत केली खरं मालक. पन सोमवारी वर कोन आलं का?"

"नाही आलं. त्यांना काही म्हणायचं नसेल."

"म्हणायचं हुतं. खंडेनवमीच्या सकाळपत्तोर म्हणायचं हुतं."

मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मामांनी त्या कोअर शॉपच्या पोराचं सांगितलं, नळी कुठे होती ते. मालकांनी विचारलं, "कोण पोरगा?" मामांनी नाव सांगितलं नाही. म्हणाले, "कोन का असंना." मग मी तिसरं वाक्य कसंबसं बोललो. म्हटलं, जिथं बोललात तिथंच दोन शब्द बोला, एवढंच मागणं आहे. मालक "बरं, बघतो" म्हणाले आणि आम्ही बाहेर आलो. जिना उतरताना माझे पाय थरथरत होते. मामांचे नसावेत.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पाळी बदलायच्या वेळी मालक खाली शेडमध्ये आले. दोन्ही पाळ्यांची माणसं होती. ते म्हणाले, "खंडेनवमीला मी जे बोललो ते बोलायला नको होतं. हत्यार तसं हातात धरायला नको होतं. बोनसचं ज्यांना बोलायचंय त्यांनी उद्या चारला वर या, चहा माझ्याकडं." एवढं बोलून ते गेले. दुसऱ्या दिवशी चौघंही गेले. ८.३३ चे साडेनऊ झाले. दहा नाही झाले. ग्रुपवरचा व्हिडिओ मालकांनी स्वतः सांगून काढायला लावला. पुढच्या वर्षी पूजेच्या ताटात रिव्हॉल्व्हर नव्हतं.

सगळं गोड गोड झालं असंही नाही. त्या एप्रिलला ऑफिसात सगळ्यात कमी पगारवाढ माझी झाली. दोन्हींचा संबंध होता की नाही हे मी कधी विचारलं नाही. संबंध होता असं गृहीत धरूनच पुढचं लिहितोय, कारण असं बोलायला काहीच पडत नाही असं सांगणारे लोक मला खोटे वाटतात.

---

तर त्या मुलीला आणि तिच्यासारख्या सगळ्यांना माझं लांबलेलं उत्तर.

एक, तू हसलीस याची लाज बाळगू नकोस. सगळे हसतात. हसणं म्हणजे संमती नव्हे. "पण तेव्हा तर तू हसत होतीस" असं कुणी म्हणालं तर सरळ सांग, हो, हसले, कारण न हसण्याची सोय नव्हती.

दोन, आजच लिहून ठेव. तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण कोण हजर होतं. तक्रार करायचीच म्हणून नाही. महिन्याने आपल्यालाच वाटायला लागतं की असं काही बोललेच नव्हते, म्हणून. मीटिंग ऑनलाईन असेल आणि रेकॉर्ड झाली असेल तर ते कुठे आहे तेवढं बघून ठेव. पण व्हिडिओ इकडेतिकडे फिरवू नकोस. फिरवला की विषय बॉसच्या बोलण्यावरून तुझ्या वागण्यावर जातो.

तीन, एकटी जाऊ नकोस आणि दहा जणांनाही घेऊन जाऊ नकोस. ऑफिसात एक तरी हवालदार मामा असतो. जुना माणूस, बॉस ज्याचं ऐकतो, आणि ज्याला स्वतःला त्यातून काही मिळवायचं नसतं. तो शोध. बोलता येत नसेल तर एचआरला चार ओळींची मेल कर. "अमुक तारखेच्या मीटिंगमध्ये असं म्हटलं गेलं. त्यामुळे मला आणि काही सहकाऱ्यांना अस्वस्थ वाटलं. पुढे मीटिंगमध्ये हत्यारांचा उल्लेख होऊ नये अशी विनंती आहे." यात आरोप नाही, विशेषण नाही. पण नोंद होते. त्याच माणसाने पुन्हा काही केलं तर ही नोंदच उपयोगी पडते.

चार, पायऱ्या ओळख. सगळ्यांना उद्देशून मारलेला फालतू डायलॉग ही एक पायरी. त्याबद्दल पोलिसांत जाऊन फारसं काही होणार नाही, कारण धमकीच्या गुन्ह्यात हेतू दाखवावा लागतो. लैंगिक छळासाठी जशी ऑफिसात अंतर्गत समिती असते तशी अशा दमदाटीसाठी कायद्याने वेगळी समिती नाही, तेव्हा वाट एचआरची किंवा वरच्या साहेबांची. पण एखाद्याचं नाव घेऊन बोललं गेलं, पुन्हा पुन्हा बोललं गेलं, किंवा हत्यार खरंच ऑफिसात आणून दाखवलं, तर तो विनोद राहत नाही. तेव्हा मेल लिहीत बसायचं नाही. आधी तिथून बाहेर पडायचं आणि ११२ ला फोन लावायचा. धमकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेत ३५१ व्या कलमात आहे आणि जिवे मारायच्या धमकीला शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे.

पाच, आणि हे बॉस लोकांसाठी. तुमच्यातले बरेच जण माझ्या लिस्टमध्ये आहेत. बोलून गेलात? होतं माणसाकडून. पण मग केबिनमध्ये एकेकाला बोलावून "तुला काही वाटलं नाही ना?" असं विचारू नका. केबिनमध्ये कोण "वाटलं" म्हणणार? जिथे बोललात तिथेच, जितक्या लोकांसमोर बोललात तितक्यांसमोर, दोन वाक्यांत मागे घ्या. "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर" हा "तर" त्यात घालू नका. आणि ज्या विषयावर तो विनोद होता, टार्गेट असो, रजा असो, बोनस असो, त्या विषयावर बोलायची वेळ लगेच द्या. नाहीतर माफी मागून झाली तरी लोकांचं तोंड बंदच राहतं. आमच्या मालकांच्या माफीपेक्षा "उद्या चारला वर या" हे वाक्य मोठं होतं.

---

दसऱ्याला आपण शमीची गोष्ट सांगतो. अज्ञातवासात जाताना पांडवांनी शस्त्रं शमीच्या झाडावर ठेवली. खंडेनवमीला पूजेला मांडतो तेव्हाही शस्त्र खालीच ठेवलेलं असतं. त्या दिवशी भट्टी बंद, ग्राइंडर बंद, विळा बंद. वर्षभर ज्यांनी काम केलं त्यांना एक दिवस विसावा. ताटातून हत्यार उचलून माणसांवरून फिरवायचं असेल तर ती पूजा कसली?

या आठवड्यात हजारो कारखान्यांत, गॅरेजमध्ये, दुकानांत पूजा होतील आणि दिवाळीच्या बोनसचं बोलणंही याच दिवसांत सुरू होईल. कुठेतरी एखादे मालक, एखादे साहेब बोलायला उभे राहतील आणि त्यांना काहीतरी जोरदार सुचेल. त्यांच्या शेजारी उभे असाल तर त्यांना आधीच हळूच सांगा, साहेब, आज नको. आणि समोर उभे असाल तर निदान एक करा. सगळे हसत असतील तेव्हा नळी कुणाकडे आहे ते बघा.

हवालदार मामा गेल्या वर्षी गावी गेले, शेती बघतात. ही पोस्ट त्यांना वाचून दाखवायला नातवाला सांगितलंय. त्या मुलीने काल कळवलं की तिने मेल पाठवली, सोबत आणखी दोघांनी सही केली. उत्तर अजून आलेलं नाही. आलं की सांगेन.

तुमच्याकडे असं कधी झालंय का? नावं न घेता कमेंटमध्ये लिहा.